आठ की साठ? कॉलसाठी परवडणारे इअरबड्स निवडताना

मी डोंबिवलीत राहून जीएसटी आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देण्याचे काम करते आणि त्यातले निम्म्याहून अधिक काम फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर चालते. गेल्या वर्षी एका किराणा दुकानदाराने मला मध्येच थांबवून विचारले, "मॅडम, आठ हजार म्हणालात की साठ?" मी साठ म्हणाले होते, आणि तेही दोनदा. त्या वेळी माझ्या कानांत बाराशे रुपयांना घेतलेले वायरलेस इअरबड्स होते. त्यांच्या खोक्यावर 'नॉइज कॅन्सलेशन' हीच अक्षरे सर्वांत मोठी होती आणि मला समोरच्याचा शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येत असल्यामुळे दोष माझ्या बाजूचा असेल, अशी शंकादेखील आली नव्हती.

आठ आणि साठ यांत फरक आहे तो केवळ सुरुवातीच्या 'स'चा. 'स' म्हणजे दातांच्या फटीतून सुटणारी हवा, आणि त्या ध्वनीचा बराचसा जोर चार हजार हर्ट्झच्या वर असतो. ब्लूटूथवर गाणी ऐकण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वेगळी असते. गाणे एकाच दिशेने यायचे असल्याने त्याला रुंद वाट मिळते, तर कॉलमध्ये आवाज दोन्हीकडे धावायचा असल्याने तीच जागा वाटून घ्यावी लागते. सीव्हीएसडी नावाच्या जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीही पलीकडे पोहोचत नाही. त्यानंतर आलेल्या एमएसबीसी पद्धतीत १६,००० नमुने घेतले जात असल्याने ती मर्यादा दुप्पट होते. खोक्यावर ठळकपणे छापलेले एएसी, एलडीएसी वगैरे शब्द गाण्यांच्या वाटेचे आहेत आणि कॉलमध्ये तुमचा आवाज कसा जाईल याविषयी ते काहीही सांगत नाहीत. व्होल्टीमुळे, म्हणजे फोर-जी जाळ्यावरूनच कॉल नेण्याच्या सोयीमुळे, मोबाइलचे जाळे आता बऱ्याच वेळा रुंद आवाज वाहून नेते, म्हणजे अडचण असलीच तर ती बहुधा कान आणि फोन यांच्यामधल्या हातभर अंतरातच असते.

दुसरा घोळ 'नॉइज कॅन्सलेशन' या शब्दाचाच आहे. एएनसी, म्हणजे बाहेरच्या आवाजाच्या नेमका उलट आवाज निर्माण करून तो आपल्या कानापुरता दाबण्याची सोय, ही सर्वस्वी आपल्यासाठी असते. आपल्या मागे चाललेला मिक्सर समोरच्या माणसाला ऐकू जाऊ नये यासाठी जी सोय असते तिला कंपन्या ईएनसी म्हणतात, आणि ती माइकवर व त्यामागच्या गणितावर अवलंबून असते. दुकानदार हे दोन्ही शब्द एका दमात उच्चारतो आणि आपणही मान डोलावतो. माझ्या बाराशेच्या इअरबड्समध्ये एएनसी नव्हतेच, होते ते केवळ ईएनसी, आणि तेही इतके उतावळे की मिक्सरच्या घरघरीबरोबर माझा 'स'ही पुसून टाकत असे.

या खरेदीतली मुख्य अडचण यातच आहे. बोलण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा अर्धा गुण विकत घेणाऱ्याला कधी ऐकूच येत नाही, आणि दुकानात कानाला लावून एखादे गाणे ऐकले तर उरलेल्या अर्ध्याचीच परीक्षा होते. म्हणून नवे घेण्याआधी मी चार संच जमवले. एक माझा जुना, एक भावाचा, आणि दोन नवे मागवलेले. जोडीला ड्रॉवरमध्ये पडून असलेला वायरचा इअरफोनही घेतला. चाचणी अगदी घरगुती होती. सांगलीला राहणाऱ्या माझ्या नणंदेला फोन लावून मी आकडे सांगायचे आणि तिने, पुन्हा न विचारता, जे ऐकू येईल ते वहीत लिहायचे. आठ, साठ, सात, सातशे, आठशे, त्रेसष्ट, पासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, आणि शेवटी २७ने सुरू होणारा एक काल्पनिक जीएसटी क्रमांक, ज्यात बी, डी, पी, टी आणि व्ही ही अक्षरे मुद्दाम घातली होती. हाच मजकूर एकदा बंद खोलीत, एकदा स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना, एकदा पाचवर फिरणाऱ्या पंख्याखाली, एकदा रस्त्याकडच्या बाल्कनीत आणि एकदा चालत्या रिक्षात वाचला. व्हिडिओ कॉलसाठी इअरबड्स एका लॅपटॉपला जोडले आणि आतल्या खोलीतल्या दुसऱ्या लॅपटॉपवर झूमची बैठक ध्वनिमुद्रित केली. झूममध्ये पार्श्वभूमीचा आवाज कमी करण्याची जी सोय आहे ती मी सर्वांत खालच्या पायरीवर ठेवली होती. तसे केले नाही तर परीक्षा इअरबड्सची न होता झूमची होते.

बंद खोलीत आकड्यांच्या बाबतीत सगळेच संच उत्तीर्ण झाले, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. स्वयंपाकघरात मात्र माणसे ओळखू यावीत तसे संच ओळखू आले. माझ्या जुन्या संचावर मिक्सर पूर्ण गायब झाला होता, पण माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता आणि शब्दांची शेपटे तुटत होती. नणंदेच्या वहीत 'सदुसष्ट'चे 'सदु' होऊन पुढे प्रश्नचिन्ह होते. भावाच्या संचावर मिक्सर चांगला ऐकू येत होता, तरी आकडे जवळजवळ सगळे बरोबर लिहिले गेले होते. मला हा मोठाच धडा वाटला. कामाच्या कॉलवर मागचा आवाज थोडा गेला तरी चालतो, पुढचा शब्द हरवलेला चालत नाही. परंतु जाहिरातीत दाखवतात ती करामत नेमकी उलटी असते. माणूस रहदारीत उभा राहतो, कळ दाबतो आणि सगळे शांत होते. त्या शांततेत त्याची व्यंजने शाबूत राहिली का, हे कोणी तपासत नाही.

बाल्कनीत रहदारीचा सलग घोष सर्वच नव्या संचांनी बऱ्यापैकी दाबला, पण हॉर्न कोणालाच आवरला नाही. सलग चालणाऱ्या आवाजाचा अंदाज बांधता येतो, अचानक आलेल्याचा येत नाही, आणि हे एएनसी व ईएनसी या दोन्हींना लागू आहे. एएनसीचे हेडसेट बाजारात आले तेही विमानाच्या अखंड घरघरीसाठीच. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना अशा हेडफोनची कल्पना १९७८ साली विमानप्रवासात सुचली आणि १९८९मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी तसा हेडसेट बाजारात आणला. म्हणूनच लोकलच्या डब्यातली पंख्यांची आणि चाकांची घरघर एएनसीने चटकन विरते, पण शेजारी बसलेल्यांचा वाद तसाच ऐकू येत राहतो. घरातल्या दूरदर्शन संचाचेही तेच. मालिकेतली सासू माझ्या प्रत्येक मुद्रणात स्पष्ट ऐकू येते, कारण माइकच्या दृष्टीने तीही माणूसच आहे.

रिक्षात सर्वांची भंबेरी उडाली. वारा हा खरे तर आवाज नाही, तो माइकच्या छिद्रावर बसणारा धक्का आहे, आणि त्यापुढे गणित थिटे पडते. पंख्याखालीही हाच त्रास सौम्य रूपात होतो. खुर्ची हातभर सरकवल्यावर जो फरक पडला तो हजार रुपये अधिक मोजूनही पडला नसता.

या सगळ्यातून मी ठेवून घेतले ते नथिंग कंपनीच्या सीएमएफ या नावाखाली मिळणारे बड्स प्रो २. जुलै २०२४मध्ये ते भारतात ४,२९९ रुपयांना आले. दोन्ही कानांत मिळून सहा माइक आहेत, एएनसी ५० डेसिबलपर्यंतचे सांगितले आहे, आणि एकाच वेळी दोन उपकरणांना जोडण्याची सोय आहे. मिक्सरच्या परीक्षेत यांच्यावर माझा आवाज किंचित कोरडा झाला, पण 'स' आणि 'श' जागेवर राहिले. नणंदेने साठीतले सगळे आकडे बरोबर लिहिले. इअरबड्स ठेवण्याच्या डबीवर, म्हणजे केसवर, एक गोल फिरकी आहे, जी फिरवून आवाज कमीजास्त करता येतो. आधी मला तो निव्वळ नखरा वाटला होता. कॉल चालू असताना कानाला हात लावून चाचपडण्यापेक्षा टेबलावरची फिरकी फिरवणे फार सोयीचे आहे, हे आठवडाभरात पटले. दुसरा मागवलेला संच वनप्लस नॉर्ड बड्स ३ प्रोचा होता, जो त्याच महिन्यात ३,२९९ रुपयांना आला. त्याचे एएनसी ४९ डेसिबलपर्यंतचे आहे आणि आकड्यांच्या परीक्षेत तो इतका जवळ होता की हजार रुपये वाचवायचे असतील त्यांना मी तोच घ्यायला सांगेन. मला फिरकी आवडली, एवढेच.

डेसिबलच्या त्या आकड्यांवरून मात्र निवड करू नये. ५० हा आकडा एखाद्या ठरावीक पट्ट्यात साधलेला सर्वांत मोठा परिणाम असतो, सरासरी नव्हे, आणि तो पुन्हा आपल्या कानापुरताच आहे. माइकची संख्याही तशीच फसवी आहे. भावाच्या संचात कमी माइक असून आकडे बरोबर गेले. बॅटरीचे जे तास खोक्यावर असतात ते बहुधा एएनसी बंद ठेवून गाणी ऐकण्याचे असतात. सीएमएफच्याच बाबतीत केसशिवाय ११ तास हा आकडा एएनसी बंद असतानाचा आहे, चालू असताना तो साडेसहावर येतो, आणि कॉलवर माइकही जागा असल्याने त्याहून कमी धरावा. मी महिन्याच्या २० तारखेच्या, म्हणजे जीएसटी विवरणपत्राच्या मुदतीच्या, आधीच्या दिवशी, जेव्हा फोन थांबतच नाही, एक कान वापरते आणि दुसरा केसमध्ये ठेवते. दर दोन तासांनी अदलाबदल केली की दिवस निघतो. कॉलसाठी एकच कान पुरतो, हे वायरलेस इअरबड्सचे मला सर्वांत उपयोगी पडलेले वैशिष्ट्य आहे आणि त्याची जाहिरात कोणी करताना दिसत नाही.

दोन्ही कान बंद करून बोलण्यात आणखी एक गंमत होते. कान बुजले की आपला आवाज डोक्यात घुमतो, बाहेरचा कमी ऐकू येतो, आणि आपण नकळत ओरडायला लागतो. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी दोनदा दार उघडून कोणाशी भांडण चालले आहे का, म्हणून पाहिले. बाहेरचा आवाज आत घेणारी पारदर्शक स्थिती कॉलपुरती चालू ठेवली की हे टळते. रबरी टिप्सचा आकारही एकदा बसून नीट तपासावा. खोक्यात मधल्या आकाराच्या लावलेल्या असतात आणि बहुतेक जण त्याच ठेवतात. माझ्या डाव्या कानाला लहान आणि उजव्याला मधली लागते. टिप सैल असेल तर एएनसी कितीही भारी असो, गोंगाट कडेने आत शिरतोच.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना स्वतंत्रपणे द्यायला हवी. बैठकीत इअरबड्सचा माइक सुरू झाला की ब्लूटूथ रुंद वाटेवरून अरुंद वाटेवर येते आणि ऐकू येणारा आवाजही एकदम खालावतो. पुष्कळ लोक याला इअरबड्सचा बिघाड समजतात. खोली शांत असेल तर बैठकीच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून इअरबड्स आणि माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडावा. माझ्या मुद्रणांत या जोडीवर माझा आवाज कोणत्याही इअरबड्सपेक्षा भरीव आला. ब्लूटूथ ५.२बरोबर आलेल्या एलई ऑडिओ या आवाज वाहून नेण्याच्या नव्या पद्धतीमुळे ही अडचण सुटण्यासारखी आहे, पण त्यासाठी फोन, लॅपटॉप आणि इअरबड्स या सर्वांना ती सोय असावी लागते.

दिवसभर एकाच टेबलाशी बसून बोलणाऱ्याने मात्र हा खर्च करू नये, असे माझे मत आहे. चाचणीतला तो वायरचा इअरफोन, ज्याचा माइक हनुवटीजवळ लोंबतो, बंद खोलीत आणि स्वयंपाकघरातही सर्वांच्या पुढे होता. माइक ओठांच्या जितका जवळ तितका आवाज ठसठशीत, आणि कानात बसलेला माइक तोंडापासून लांबच राहणार. वायरलेसचे पैसे आहेत ते उठून दार उघडण्याचे, गॅस बंद करण्याचे आणि जिना उतरता उतरता बोलण्याचे. मला ते वरचेवर करावे लागते म्हणून मी ते मोजले.

घेताना परत करण्याची अट नीट वाचावी. मी एक संच ज्या संकेतस्थळावरून मागवला तिथे, कानात घालण्याची वस्तू असल्याने, बिघाड असेल तरच बदलून मिळणार होती, पैसे परत मिळणार नव्हते, आणि हे मला खोके फोडल्यावर कळले. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानदाराने उलट दोन दिवस वापरून पाहायला दिले. त्याबद्दल त्याने शंभर रुपये अधिक घेतले, ते मी आनंदाने दिले.

आता माझे आकडे पहिल्याच वेळी पोहोचतात. किराणा दुकानदाराने गेल्या तिमाहीत एकदाही थांबवले नाही. जीएसटी क्रमांक मात्र मी अजूनही बोलून सांगत नाही. बी आणि व्ही नणंदेने प्रत्येक संचावर चुकवले होते, अगदी वायरच्यावरसुद्धा, म्हणून तो व्हॉट्सॅपवर लिहून पाठवते.