१६ इंची डॉब दुर्बीण, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: आरसा उत्तम, वरच्या रिंगचा रंग अक्षम्य

दुर्बिणीच्या वरच्या रिंगचा आतला रंग चकाकतो, या माझ्या तक्रारीवर विक्रेत्याचं शेवटचं उत्तर आलं: रंग ठरलेल्या दर्जाप्रमाणेच आहे, हा दोष धरता येणार नाही. मी हा निकाल मान्य करत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. १६ इंची आरसा, एफ/४.५ (केंद्रलांबी व्यासाच्या साडेचार पट), ट्रसची, म्हणजे बंद नळीऐवजी सुट्या दांड्यांची डॉब (साध्या फिरत्या बैठकीवरची, हाताने ढकलायची आरशाची दुर्बीण). बाकीचे आकडे सगळ्यांना माहीत आहेत, पुन्हा देत नाही. ही दुर्बीण मी एकाच कामासाठी घेतली. एकमेकींना ओढणाऱ्या, वाकवणाऱ्या, एकमेकींत मिसळत चाललेल्या फिकट दीर्घिका मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या होत्या. गुरू-शनीबद्दल इथे काही मिळणार नाही.

चांगलं आधी सांगून टाकते. मुख्य आरसा खरोखर चांगला आहे. तो बाहेरच्या हवेइतका थंड झाला की ताऱ्याची वर्तुळं फोकसच्या आत आणि बाहेर जवळजवळ सारखीच दिसतात, ही चांगल्या आरशाची खूण. दांडे काढून पुन्हा जोडले तरी कोलिमेशन (आरशांची एकमेकांशी जुळणी) फारसं हलत नाही. पंखा आवाज करतो, पण काम करतो. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) ठीकठाक.

आता रंग. फोकसर (आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, धरणारी छोटी नळी) आणि प्रकाश त्याच्याकडे वळवणारा दुय्यम आरसा ज्या रिंगमध्ये बसतात तिचा आतला भाग काळा आहे, पण तुळतुळीत काळा. ज्यांच्याकडे हे मॉडेल आहे त्यांनी संध्याकाळी, आकाशात थोडा उजेड असताना, आयपीस काढून रिकाम्या फोकसरमधून आत बघावं. मधोमध दुय्यम आरसा आणि त्यात मुख्य आरशाचं प्रतिबिंब दिसेल. त्याच्याभोवती काळंकुट्ट असायला हवं. माझ्या दुर्बिणीत तिथे, फोकसरच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, चंद्रकोरीच्या आकाराचा राखाडी पट्टा चमकत होता. शिवाय रिंग इतकी आखूड आहे की तिच्या काठावरून आकाशाची एक पट्टी थेट फोकसरमध्ये डोकावते. म्हणजे आरशाला न शिवता आलेला उजेड आयपीसमध्ये शिरतो आणि सगळ्या दृश्यावर पातळ पडदा धरतो.

तेजस्वी वस्तू बघणाऱ्याला हे जाणवणारही नाही. फिकट दीर्घिका बघणाऱ्याचं मात्र यात सगळं जातं. उत्तम अंधाऱ्या जागीसुद्धा आकाश पूर्ण काळं नसतं, दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) साधारण २२ प्रतीचं असतं; प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं फिकट. दीर्घिकांना जोडणारे पूल आणि शेपट्या २५ किंवा त्याहूनही फिकट असतात. तीन प्रतींचा फरक म्हणजे सुमारे १६ पट. आकाशाची पार्श्वभूमी १०० धरली, तर शेपटी जिथे आहे तिथे ती १०६ होते. डोळ्याने ओळखायचा तो एवढाच फरक. आता रिंगमधल्या चकाकीने सगळीकडे ५० ची भर घातली असं धरा. १५० च्या शेजारी १५६, म्हणजे सहा टक्क्यांचे चार झाले. आरसा मोठा घेऊन हे सुधारत नाही, कारण मोठा आरसा आकाशाचा उजेडही त्याच प्रमाणात गोळा करतो. मोठ्या आरशाचा फायदा वेगळा आहे: प्रतिमा तेवढीच उजळ ठेवून ती जास्त मोठी करता येते, आणि फिकट गोष्ट मोठी असली तर डोळ्याला लवकर सापडते. म्हणून १६ इंच घ्यायचे आणि ते चकचकीत रंगाने वाया घालवायचे, हे मला सहन होत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, रंग मॅटच आहे. पुन्हा लिहिलं, तर सल्ला आला की प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर घ्या. हा सल्ला वाचून माझा संयम संपला. अरुंद पट्ट्याचे फिल्टर वायूच्या तेजोमेघांवर चालतात, कारण तिथला प्रकाश हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक रेषांत येतो. दीर्घिकेचा प्रकाश हा मुख्यतः ताऱ्यांचा, सगळ्या वर्णपटात पसरलेला. फिल्टर आकाशासोबत तिलाही मंद करतो. एम ३३ या दीर्घिकेतल्या एनजीसी ६०४ सारखे (एम आणि एनजीसी ही आकाशातल्या वस्तूंच्या याद्यांची नावं) वायूचे ढग हा अपवाद, पण मी पूल आणि शेपट्यांबद्दल विचारत होते. मग एकदा रिंग बदलून देण्याची तयारी दाखवली गेली, जाण्यायेण्याचा खर्च माझ्याकडे. त्यांच्या दोषासाठी मी पैसे भरणार नव्हते.

मग चिकटवायचा काळा मखमली कागद आणला, रिंगच्या आतून पूर्ण लावला, आणि फोकसरच्या समोर रिंगच्या वर येईल असा कडक काळ्या प्लॅस्टिकचा वाकवलेला तुकडा बसवला. तो काठावरून डोकावणारं आकाश झाकतो. फोकसरच्या नळीच्या आतही कागद लावला. सगळा मिळून खर्च त्या फिल्टरच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही.

फरक पहिल्यांदा एम ५१ या दीर्घिकेवर दिसला. सप्तर्षीतल्या मरीचीपासून जवळच, श्यामशबल तारकासमूहात. आधी दोन गाभे आणि मोठ्या दीर्घिकेभोवती वळणाचा भास, एवढंच असायचं. तिच्या सोबतच्या छोट्या एनजीसी ५१९५ कडे जाणारा पूल मी कधीच "दिसला" म्हणून वहीत लिहिला नव्हता. कागद लावल्यानंतर, त्याच जागेवरून, चंद्र नसताना, १० मिमी आयपीसमध्ये १८३ पटीला वळणं स्पष्ट वेगळी झाली, त्यांच्यामधला अंधार दिसू लागला, आणि एक हात लांबत जाऊन सोबतिणीला टेकलेला दिसला. लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये ७२ इंची आरशाने याच दीर्घिकेची सर्पिल रचना पहिल्यांदा ओळखली. ती रचना माझ्या अंगणातल्या शिडीवर उभं राहून दिसते, याचा आनंद मला लपवता येत नाही.

इथे माझं आणखी एक मत बदललं. पहिले काही आठवडे मी भेटेल त्याला सांगत होते की या किमतीत आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणारी मोटर नसणं हा मोठा तोटा आहे. ८२ अंशांचं रुंद दृश्य देणाऱ्या १० मिमी आयपीसमध्येही खगोलीय विषुववृत्ताजवळची वस्तू पावणेदोन मिनिटांत एका काठावरून दुसऱ्या काठाला जाते, सारखं ढकलावं लागतं. पण हे ढकलणंच उपयोगी पडतं. नजरेच्या कडेला स्थिर फिकट डाग डोळा सोडून देतो, हलणारा पकडतो. ट्रसच्या दांड्याला बोटाने हलकेच टिचकी मारली की दृश्य थरथरतं आणि त्या क्षणी न दिसणारी वस्तू दिसायला लागते. उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर वस्तूच्या उजवीकडे ठेवा, म्हणजे ती नाकाच्या बाजूला येते आणि अंधबिंदूत जात नाही. मोटर जोडायचा विचार मी सोडला, पैसेही वाचले.

हे सगळं एकत्र कामाला आलं स्टेफानच्या पंचकावर, म्हणजे जवळजवळ दिसणाऱ्या पाच दीर्घिकांच्या गटावर. महाश्व तारकासमूहातल्या एनजीसी ७३३१ या दीर्घिकेच्या जवळ, अर्ध्या अंशावर. एदुआर स्टेफान यांनी १८७७ मध्ये मार्सेयहून ८० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने हा गट शोधला. कमी पटीत तो एकच पुसट डाग आहे. ७ मिमी आयपीस लावून २६१ पटीला गेलं की फुटतो: एनजीसी ७३२० सगळ्यात मोठी, ७३१८ च्या लांबट उजेडात दोन वेगळे गाभे, ७३१७ एका ताऱ्याला चिकटून. ७३१९ मला आधी कधीच दिसली नव्हती. आता टिचकी मारल्यावर येते, पाच-सहा सेकंद राहते, जाते, पुन्हा येते. यातली ७३२० खरं तर गटातली नाहीच. ती सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, बाकीच्या २९ कोटींच्या आसपास. ७३१८ मधल्या दोघींपैकी एक, ७३१८ बी, ही गटात जवळजवळ ९०० किमी प्रति सेकंद वेगाने घुसते आहे. २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या पहिल्या चित्रांत हाच गट होता. चित्र सुंदर आहे, पण डोळ्याला लागलेले ते चार-पाच डाग मला त्याहून जवळचे वाटतात.

हस्तातल्या अँटेना दीर्घिका, एनजीसी ४०३८ आणि ४०३९, यांचा स्वल्पविरामासारखा वाकलेला आकार आणि ४०३८ च्या कडेच्या गाठी दिसतात. लांब शेपट्या मला दिसत नाहीत, आणि फोटो माहीत आहे म्हणून दिसल्या असं मी म्हणणार नाही. १९७२ मध्ये अलार आणि युरी तूमरे या भावांनी अशा शेपट्या केवळ गुरुत्वाकर्षणाने कशा खेचल्या जातात हे संगणकावर दाखवलं. त्याआधी यावर बराच संशय होता. एनजीसी ४४९० चं एक टोक सोबतच्या ४४८५ कडे वाकलेलं आहे, ते मात्र इथे सहज दिसतं. नवीन माणसाला दाखवायची असेल तर यापासूनच सुरुवात करावी. उंदीर दीर्घिका, एनजीसी ४६७६: दोन डाग, मध्ये चिंचोळी फट. शेपटी नाही.

खगोलशास्त्रज्ञ हाल्टन आर्प यांच्या १९६६ च्या यादीत ३३८ विचित्र दीर्घिका आहेत. त्यातल्या ज्या माझ्या क्षितिजावर नीट वर येतात त्या सगळ्या या दुर्बिणीने एकेक करून बघायच्या ठरवल्या आहेत.

एक तक्रार शिल्लक आहे. दव पडलं की मखमली कागदाचा खालचा काठ सुटतो आणि त्याचे तंतू आरशावर पडू शकतात. काठावरून काळी कापडी टेप फिरवली की तो राहतो. लावणाऱ्यांनी हे आधीच करावं. दवासाठी दुय्यम आरशाच्या मागे हीटरची पट्टी हवीच, ती दुर्बिणीसोबत मिळत नाही.

शहरातच राहून बघणार असाल तर ही घेऊ नका, फिकट दीर्घिकांसाठी अंधारी जागा आधी लागते. ज्यांना तिथे नियमित जाता येतं त्यांनी जरूर घ्यावी आणि पहिल्याच आठवड्यात आतून कागद लावावा. दुर्बिणीला पाचपैकी चार तारे. विक्रेत्याच्या सेवेला एक.