ठेवतारण ओव्हरड्राफ्ट: व्याज कमी, पण वळतीचं कलम वाचूनच सही करा

महिना-दीड महिन्याची नड असेल तर एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ओडी) घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढीच रक्कम उचला. बहुतेक बँका ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त घेतात आणि वापरलेल्या रकमेवरच, तेही दिवसाच्या हिशेबाने. 5 लाखांची ठेव 7 टक्क्यांनी आणि ओडी 8 टक्क्यांनी असेल, तर 1 लाख रुपये 20 दिवस वापरायला साधारण 438 रुपये पडतात. तीच ठेव दहा महिन्यांनी मोडली आणि दंड 1 टक्का असला, तर चार हजारांवर पाणी सोडावं लागतं. उत्तम सोय आहे.

गडबड होते ती ओडीची मर्यादा काठोकाठ वापरली की. ती ठेवीच्या 90 टक्के असेल आणि सगळे साडेचार लाख उचलले तर दरमहा सुमारे 3,000 रुपये व्याज नावे पडतं आणि खातं मर्यादेबाहेर जातं. ते भरलं नाही तर बँक ठेव मुदतीआधी मोडून कर्जखाती वळती करते. पावतीवर डिस्चार्जची सही (ठेवीची रक्कम वळती करायला आगाऊ संमती) आपणच दिलेली असते, त्यामुळे इथे तक्रारीला जागा नाही. म्हणून मर्यादेत निदान तीन महिन्यांच्या व्याजाइतकी जागा मोकळी ठेवा.

खरी काळजी तारण न दिलेल्या ठेवींची. 1872 च्या करार कायद्याचं कलम 171 बँकेला सर्वसाधारण धारणाधिकार (लिएन) देतं, म्हणजे येणं फिटेपर्यंत ताब्यातली मालमत्ता अडकवून ठेवण्याचा हक्क. तो मुदत ठेवीच्या पावत्यांवरही चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये सिंडिकेट बँक विरुद्ध विजयकुमार या खटल्यात मान्य केलं. त्याखेरीज ओडीच्या अर्जात बाकी वसूल करण्याच्या कलमात बहुतेकदा ‘आमच्या सर्व खात्यांतून’ असे शब्द असतात. ते खोडून ‘फक्त पावती क्रमांक अमुक’ असं लिहून मागा. शाखा नाही म्हणाली, तर बाकीच्या ठेवी दुसऱ्या बँकेत ठेवा.

वळतीला मर्यादाही आहेत. कर्ज आणि ठेव एकाच व्यक्तीची, एकाच नात्याने (दोन्ही स्वतःसाठी) हवी. नवऱ्याच्या एकट्याच्या ओडीसाठी नवरा-बायकोची संयुक्त ठेव बायकोच्या संमतीशिवाय घेता येत नाही. अल्पवयीन मुलाची किंवा ट्रस्टची तर नाहीच. जामीनदाराच्या ठेवीला मात्र हात लागू शकतो, आणि सहकारी बँकांत जामीन राहणारे नेमकं हेच विसरतात.

बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तर ठेव विम्याचे 5 लाखही तुमच्याकडची येणी वजा करूनच मोजले जातात.

रक्कम न कळवता वळती झाली तर शाखेकडे लेखी मागा: कोणत्या कलमाखाली, किती बाकीपोटी, कोणत्या तारखेला. पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते.

ओडी फेडल्यावर खातं बंद करण्याचा अर्ज वेगळा द्या. नुसती बाकी शून्य झाल्याने लिएन आपोआप निघेलच असं नाही. नेटबँकिंगमध्ये ठेवीसमोरची लिएनची रक्कम शून्य दिसेपर्यंत पाठपुरावा करा.