लोखंडी दारावर डेडबोल्ट: गोव्याचा एक पावसाळा काढल्यावर

आधी निकाल सांगतो. कुलूप उत्तम, सोबत आलेले स्क्रू मात्र टाकून देण्याच्या लायकीचे. पितळी सिलिंडर आणि २५ मिमी बाहेर येणारी पोलादी जीभ असलेला साधा सिंगल सिलिंडर डेडबोल्ट (बाहेरून किल्लीने, आतून फिरकीने फिरणारं, जाड जिभेचं कुलूप), ४५ मिमी जाडीच्या जीआय (झिंकचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याच्या पोकळ दारावर. किनाऱ्याजवळची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस झेलूनही किल्ली आजही हलकी फिरते. दुखणी निघाली ती सगळी बसवण्यातली.

कापायचं ते दोनच जागी: दाराच्या तोंडावर ५४ मिमीचं भोक आणि कडेला २५ मिमीचं. दाराच्या कडेपासून मोठ्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ६० किंवा ७० मिमी. जीभ यातल्या कुठल्या मापाची आहे ते पाहूनच खूण करा. सेंटर पंच (खूण ठोकायची टोकदार छिन्नी) मारून ६ मिमीचं भोक आरपार घ्या, मग बाय-मेटल होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) दोन्ही बाजूंनी आपापल्या पत्र्यावर चालवा. वेग मिनिटाला दीडशे ते दोनशे फेरे, कटिंग ऑइल सढळ हाताने. साधं ड्रिल पूर्ण वेगात सोडलं की सॉचे दात निळे पडतात आणि तिथेच मरतात.

कापून झाल्यावर बहुतेक कारागीर लगेच कुलूप चढवतात. इथेच गोव्यात घात होतो. कापलेल्या कडेवर झिंक उरत नाही, आणि आत पडलेला लोखंडाचा कीस पहिल्या पावसातच गंजून दाराखालून तांबडे ओघळ सोडतो. लोहचुंबकाने कीस काढा, कडा कानशीने घासा, झिंक-रिच प्रायमरचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या.

पोकळ दारात कुलपाचे आतले-बाहेरचे भाग जोडणाऱ्या मधल्या दोन स्क्रूंचा ताण पत्र्यावर येतो. जोरात आवळले की पत्रा आत दबतो, जीभ तिरकी होते आणि फिरकी जड लागते. दोन पत्र्यांच्या मधल्या अंतराएवढा नळीचा तुकडा किंवा सागवानी ठोकळा आत बसवा. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

खरी मजबुती चौकटीत. चौकटीचा पत्रा १.२ ते १.६ मिमीचा, त्यात एम५ (५ मिमी स्क्रू) चे आटे पाडले तर जेमतेम दीड-दोन आटे धरतात आणि रोज दार आपटून ते महिन्याभरात सैल होतात. लाकडी स्क्रूंचं तर बोलूच नये. ७ मिमीचं भोक पाडून एम५ रिव्हेट नट (पत्र्यात दाबून बसवायचे आट्यांचे नट) बसवले की स्ट्राइक प्लेट, म्हणजे चौकटीवरची जीभ शिरायची पट्टी, हलत नाही. नटाची कॉलर पातळ घ्या, नाहीतर प्लेट वर उचलली जाते. चिऱ्याच्या भिंतीत चौकट बसवताना आत सिमेंट-रेती भरलेली असेल तर पत्र्यामागे नटापुरती जागा कोरावी लागते. जिभेसाठीही निदान ३० मिमी खोली हवी, आणि पत्रा कापायच्या बिटने सिमेंट खणू नका, बिट बदला. जीभ पूर्ण बाहेर आल्याशिवाय डेडबोल्ट अडकतच नाही; अर्धवट जीभ बाहेरून दाबून मागे ढकलता येते. स्ट्राइकचं भोक सर्व बाजूंनी एखादा मिलिमीटर सैल ठेवा, कारण बिजागऱ्या झिजून दार उतरतंच.

दिसणारे स्क्रू एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा जास्त गंजरोधक प्रकार) चेच घ्या. मिरामार-कळंगुटसारख्या किनारपट्टीवर ३०४ सुद्धा तपकिरी डाग धरतं. फोंड्याकडे, आतल्या भागात, ३०४ चालेल.

तेलाबद्दल: खोबरेल तेल किल्लीच्या भोकात अजिबात नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. ग्रॅफाइट दमट हवेत गोळा होतं. टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, एवढं पुरतं.

बाहेरच्या रोझेटखाली (किल्लीच्या भोकाभोवतीच्या गोल चकतीखाली) वरच्या कडेला पारदर्शक सिलिकॉनची बारीक रेघ ओढा, खालची बाजू उघडी ठेवा. पाणी शिरलंच तर त्याला वाट हवी.