मधलं इंजिन आणि मोपाचा पाऊस : फाल्कन ८-एक्ससोबत नऊ महिने

गेल्या जूनमध्ये आमचं विमान, दासो या फ्रेंच कंपनीचं तीन इंजिनांचं खासगी जेट फाल्कन ८-एक्स, उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर आलं, त्या संध्याकाळी मी बाबांना फोटो पाठवला. बाबांचं सगळं आयुष्य गोव्याच्या सरकारी कदंब सेवेची बस चालवण्यात गेलं. फोटो पाहून त्यांनी लगेच फोन केला, "तीन इंजिनां कित्याक गो?" म्हणजे तीन इंजिनं कशाला. मी तेव्हा घाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं. आता नऊ महिने या विमानाखाली, विमानावर आणि विमानात काढल्यावर तेच उत्तर नीट द्यावंसं वाटतंय.

मी या विमानाची देखभाल अभियंता. विमान एका खासगी मालकाचं, मुक्काम बहुतेक मोपाला. लांबच्या फेरीला मीही सोबत असते, त्यामुळे पाना हातात घेऊन आणि पट्टा बांधून अशा दोन्ही बाजूंनी ते मला माहीत झालंय.

उड्डाणाचा मूळ नियम असा, की ऐन धावेत एक इंजिन गेलं तरी उरलेल्या बळावर विमान चढलंच पाहिजे. दोन इंजिनांच्या विमानाचं अशा वेळी निम्मं बळ जातं, म्हणून त्याला मुळातच दांडगी इंजिनं बसवावी लागतात. तिनांतलं एक गेलं तर जातो तिसरा हिस्सा. म्हणून इथे एकेक इंजिन लहान चालतं. आमची प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची पीडब्ल्यू ३०७-डी आहेत, प्रत्येकाचा जोर साधारण ६,७०० पौंड. एवढ्यावर ३३ टनांचं विमान, त्यातलं जवळजवळ निम्मं वजन इंधनाचं, समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात १,८०० मीटरांच्या आत उचलतं. ऑक्टोबरच्या उन्हात मोपाच्या सड्यावर हवा पातळ होते आणि धाव वाढते, तरी पुढे भरपूर धावपट्टी उरलेली दिसते. मॉरिशसला जाताना तासन्‌तास खाली फक्त पाणी होतं. तेव्हा त्या तिसऱ्या इंजिनाचा आधार मला आकड्यांपलीकडे जाणवला. मी गाढ झोपले होते.

पल्ला कागदावर ६,४५० सागरी मैल, म्हणजे जवळपास १२,००० किलोमीटर, तेही आठ प्रवासी घेऊन आणि माख ०.८० च्या, म्हणजे आवाजाच्या ८० टक्के वेगाने. गोवा ते लंडन साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तिकडे जाताना टाक्या पूर्ण भरण्याची वेळच येत नाही. माझ्या मते पल्ल्यापेक्षा मोलाची गोष्ट वेगळी आहे. उतरतानाचं कमाल वजन उड्डाणाच्या कमाल वजनाच्या ८५ टक्के आहे, त्यामुळे टाक्यांत बरंच इंधन असतानाही उतरता येतं. म्हणजे एका ठिकाणी स्वस्त इंधन भरून घ्यायचं, तासाभरावर उतरायचं, माणसं घ्यायची आणि इंधनाच्या ट्रकची वाट न पाहता पुढचा लांबचा टप्पा धरायचा. माहितीपत्रकात हा आकडा कुणी शोधत नाही, पण रोजच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडतो.

वैमानिकांचं मत मी कॅप्टनना विचारूनच लिहिते. या विमानाच्या पंखांवरचे आणि शेपटावरचे हलते भाग संगणकामार्फत हलतात, वैमानिकाच्या हातात बाजूची छोटी दांडी असते. फाल्कन ७-एक्स २००५ मध्ये पहिल्यांदा उडालं तेव्हा ही रचना पूर्णपणे वापरणारं ते पहिलं बिझनेस जेट होतं. ८-एक्स त्याचाच लांबवलेला भाऊ, पहिलं उड्डाण ६ फेब्रुवारी २०१५. दासो कंपनीकडे ही विद्या लढाऊ विमानांतून आली. जानेवारी २०२२ मध्ये दासोच्याच राफेल-एम या नौदलासाठीच्या लढाऊ विमानाच्या चाचण्या आपल्याच दाबोळीला, नौदलाच्या हंसा तळावर झाल्या. त्याच घराण्यातलं विमान मी आज पुसते, याचा मला अभिमान आहे. कॅप्टन सांगतात की जुलैच्या वाऱ्यात उतरताना दांडी सोडली तरी विमान ठरलेली वाट सोडत नाही, हाताला झटापट करावी लागत नाही. लंडन सिटी विमानतळाच्या दीड किलोमीटरच्या धावपट्टीवर साडेपाच अंशांच्या उताराने उतरायची मान्यता याला आहे. संथ वेगात इतकं शहाण्यासारखं वागणारं विमान असल्याशिवाय ती मिळत नाही.

आणखी एक बारीक पण सुंदर गोष्ट म्हणजे उतरल्यावर वेग कमी करायला उलटा जोर देणारी यंत्रणा फक्त मधल्या इंजिनाला आहे. ओल्या धावपट्टीवर ओढ अगदी मधोमध लागते, नाक इकडेतिकडे जात नाही.

आतल्या आरामाबद्दल थोडक्यात. ४१,००० फुटांवर असताना केबिनमधला दाब ३,९०० फुटांवरच्या हवेइतका असतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही कमी उंचीवरचा. साध्या प्रवासी विमानात तो ८,००० फुटांपर्यंत नेण्याची मुभा असते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही बराच वर. नऊ तासांनी उतरल्यावर डोकं जड नसतं, ते यामुळे. रुंदी मात्र २.३४ मीटर. बाबा आत आले तेव्हा हात पसरून म्हणाले, आमची बस याहून रुंद होती. खरंच होती. गल्फस्ट्रीम जी-६५० चं केबिन यापेक्षा पाव मीटरने रुंद आहे आणि ते विमान वेगातही पुढे आहे. ज्यांना ऐसपैस बैठक हवी, त्यांनी आधी त्यात बसून पाहावं.

आता माझ्या वाट्याचं. मधल्या इंजिनाचं तोंड विमानाच्या पाठीवर, शेपटाच्या मुळाशी आहे. तिथून हवा इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाने खाली इंजिनात जाते. धावपट्टीवरची खडी तिथवर पोचत नाही हा फायदा. पण पावसाळ्यात उघड्यावर उभ्या विमानाच्या त्या तोंडाला कव्हर चढवायचं तर उंच शिडी हवी, आणि सड्यावरचा वारा शिडीवर माणसाला ठरू देत नाही. कव्हर शिवणाऱ्या पुरवठादाराने पहिल्यांदा मापच चुकवलं. तीन आठवडे पाऊस तिरका आत जात होता आणि प्रत्येक उड्डाणाआधी मी बॅटरी घेऊन ते पूर्ण वळण तपासत होते. एकदा गवताची काडी सापडली, एकदा नुसतं पाणी. दोन्ही वेळा कॅप्टननी एक शब्द न बोलता वेळ पुढे ढकलली.

पाऊस थांबला आणि कुंभारीण माश्या आल्या. वेग मोजणाऱ्या पिटो नळीचं तोंड यांना घरट्यासाठी अगदी हवं तसं असतं. दुपारपुरतं जरी कव्हर काढलं तरी ओल्या लाल मातीचा गोळा आत तयार. गोव्यात कुठलंही विमान ठेवणाऱ्याने हे मनावर लिहून ठेवावं, कव्हर म्हणजे कव्हर, दहा मिनिटांसाठीसुद्धा. खाऱ्या हवेचंही तसंच. इंजिनं शुद्ध पाण्याने धुण्याच्या पाळ्या आम्ही जवळ आणल्या, आणि चाकांच्या कप्प्यातले स्क्रू, तारांची जोडणी दर आठवड्याला हात लावून पाहते. तीन इंजिनं म्हणजे हे सगळं तीनदा. खर्चही तीनदा.

म्हणूनच की काय, दासोने नव्या ६-एक्सला आणि १०-एक्सला दोनच इंजिनं दिली आहेत. इंजिनं आता इतकी भरवशाची झालीत की तिसऱ्याचा खर्च पटवणं अवघड जातं. नागपूरला मिहानमध्ये ज्या फाल्कन २००० ची जुळणी व्हायची आहे, तेही दोन इंजिनांचंच. मला ते समजतं, पटतंही. तरी सांभाळायला एक निवडायला सांगितलं तर मी हेच निवडीन.

बाबांना हे सगळं परवा सविस्तर सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी मागच्या पडवीतून बांबू काढला, त्याच्या टोकाला जुन्या छत्रीचा आकडा बांधला आणि म्हणाले, कव्हराची दोरी याने खालून ओढून बघ. जूनच्या आधी तशीच एक हलकी ॲल्युमिनियमची काठी करून घेतेय, रबर लावलेली, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही.