नळाला पाणी आलं, पण दप्तरात नळच नव्हता

गेल्या आठवड्यात नणंदेने मला एका पावतीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "वहिनी, आमच्या कॉलनीत नळाचं काम करून देणारा माणूस आलाय. आठ हजार घेतो, पावतीही देतो. खरी आहे का बघा ना." फोटो मोठा करून पाहिला आणि माझे हात थरथरले. तोच निळा गोल शिक्का, तीच 'पाणीपुरवठा विभाग' अशी अक्षरं, आणि ग्राहक क्रमांकापुढे तीच रिकामी जागा. अशीच पावती मी २०२३ साली घेतली होती. नुसती घेतली नाही, आमच्या गल्लीतल्या आणखी तेरा घरांनाही घ्यायला लावली होती.

आमचं गाव गिरणाकाठचं, तालुक्याचं. शेतांचे प्लॉट पडून गावाबाहेर ज्या नव्या कॉलन्या झाल्या, त्यातल्या एकीत आम्ही २०२१ मध्ये घर बांधलं. वीज आली, घरपट्टी लागली, नळ मात्र नव्हता. उन्हाळ्यात टँकर मागवायचा आणि तीन घरांनी मिळून पैसे भरायचे. मी घरी बिबडे आणि उडदाचे पापड करून विकते. ज्वारी भिजत घालायची म्हटली तरी आधी ड्रममध्ये किती पाणी आहे ते बघावं लागायचं. नळासाठी नगरपालिकेत मी एकदा गेले होते. मालमत्तेचा उतारा आणा, घरपट्टीची बाकी नसल्याचा दाखला आणा, साहेब साईटवर गेलेत, सोमवारी या, असं सांगितलं. तो सोमवार माझ्याकडून राहूनच गेला.

एप्रिल २०२३ मध्ये तो माणूस मोटारसायकलवर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. म्हणाला, "ताई, अमृत योजना मंजूर झालीय. नवी लाईन पडली की मीटर लागतील, मग कनेक्शन महाग पडेल. आताच जुन्या लाईनवर नाव लावून घ्या, नंतर आपोआप नव्या लाईनवर जाल." यातलं बरंचसं खरं वाटावं असंच होतं. अमृत ही शहरांच्या पाणीपुरवठ्याची केंद्र सरकारची योजना, तिचा दुसरा टप्पा ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि त्यात लहान शहरंही आली. आमच्याकडे सर्व्हेवाले फिरतही होते. वर्तमानपत्रात वाचलेलंच हा दारात येऊन सांगतोय म्हटल्यावर शंका कशी यावी? समोरच्या आजींनी जरा खोदून विचारलं, तर लगेच अहिराणीत म्हणाला, "मी शे ना माय, कसाले घाबरतस?" आजी हसल्या आणि आमची सगळ्यांची भीड मोडली.

घरटी ९,५०० रुपये. त्याने कागदावर फोड करून दाखवली: अनामत, जोडणी फी, रस्ता फोडण्याचे पैसे, प्लंबरची मजुरी. नळजोडणीत खरोखर हीच नावं असतात, हे मला नंतर नगरपालिकेच्या खिडकीवर कळलं. सगळे पैसे रोख घेतले. मीच दारोदार फिरून गोळा केले, वहीत लिहिले आणि त्याच्या हातात दिले. शेजारच्या दादांकडे रोकड नव्हती म्हणून फक्त त्यांनी फोनवरून पाठवले. तेव्हा त्याने जरा कुरकुर केली होती. ती कुरकुर मला तिथेच खटकायला हवी होती.

दोन मजूर घेऊन तीन दिवस भरदिवसा काम चाललं. रस्ता आडवा खोदला, जुनी सिमेंटची पाईपलाईन उघडी केली, तिच्यावर सॅडल, म्हणजे जोडणी काढायचा पट्टा, बसवून अर्ध्या इंचाच्या जोडण्या काढल्या. पालिकेचा व्हॉल्व्हमन तिथून सायकलवर जाताना थांबला, त्याला "काय भाऊ, जोरात?" म्हणाला आणि पुढे गेला. आम्हाला वाटलं, झालं, हा आतलाच माणूस. शेवटच्या दिवशी आजींनी त्याला आणि मजुरांना भरीत आणि कळण्याची भाकरी जेवू घातली.

पाचव्या रात्री दोन वाजता नळाला पाणी आलं. अख्खी गल्ली बाहेर. मी नळाला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. फसवणूक अशी असू शकते हे मला खरंच माहीत नव्हतं. पैसे घेऊन माणूस पळून जातो, तिला आपण फसवणूक म्हणतो. इथे तर ज्याचे पैसे दिले ते घरात येत होतं, आठ दिवसांनी का होईना. मग पावती कोण नीट वाचतो?

पाणीपट्टीचं बिल मात्र आलं नाही. फोन केला तर म्हणाला, "ग्राहक नंबर मार्चनंतर पडतो." मार्च २०२४ मध्ये स्वतःच पावतीपुस्तक घेऊन आला आणि पाणीपट्टी म्हणून प्रत्येकाकडून १,८०० रुपये घेऊन गेला. तेही दिले.

जानेवारी २०२५ मध्ये गल्लीत नवी लाईन पडली, निळ्या पट्ट्यांचे काळे पाईप. ठेकेदाराची माणसं यादी घेऊन घरोघर जोडण्या जुन्या लाईनवरून नव्या लाईनवर घेत होती. आमच्या चौदाही दारांवरून ती पुढे गेली. मी मागे धावले. यादी हातात घेतलेल्या पोराने दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "काकू, इथे नळच नाही दाखवत." आठ दिवसांनी जुनी लाईन बंद केली आणि आमचे चौदा नळ एकाच रात्री कोरडे पडले.

खिडकीवरच्या भाऊंनी माझी पावती पाहिली, संगणकावर नाव टाकलं, मग कपाटातून जुनी नोंदवही काढून तीही चाळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, ही आमची पावती नाही." त्यांची पावती संगणकातून निघते, तिच्यावर तारीख, वेळ, ग्राहक क्रमांक छापलेला असतो. पैसे चलनाने किंवा खिडकीवर घेतात, कोणी दारात येऊन घेत नाही. आधी अर्ज, मग माणूस जागा पाहून जातो, मग मागणीपत्र निघतं, ते भरलं की जोडणी, आणि त्याच दिवशी नोंदवहीत नाव. नोंदवहीत नाव नसेल तर पाणी येत असूनही तो नळ अनधिकृत. म्हणजे पालिकेच्या लेखी पाणी चोरणाऱ्या आम्हीच होतो. दंड भरल्याशिवाय नवी जोडणी नाही, असंही तिथेच कळलं.

मी खिडकीवरचं हे बोलणं मानायला तयार नव्हते, म्हणून माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा स्टँप लावून अर्ज दिला. ३० दिवसांच्या आत लेखी उत्तर आलं: या क्रमांकांच्या पावत्या कार्यालयाने दिलेल्या नाहीत. हा कागद फार उपयोगाचा ठरला. पोलीस ठाण्यात तोवर आमचं तोंडी ऐकून घ्यायचे आणि परत पाठवायचे. कागद जोडून अर्ज दिला, त्याची प्रत टपालाने पोलीस अधीक्षकांनाही पाठवली, तेव्हा गुन्हा नोंदला. पैसे घेतले ते १ जुलै २०२४ च्या आधी, म्हणून त्या दिवसापासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेचं नाही तर जुन्या दंड संहितेचं फसवणुकीचं ४२० कलमच लागलं. पुरावा काय, तर माझी वही आणि दादांनी फोनवरून पाठवलेले ९,५०० रुपये. ज्या खात्यात ते गेले, त्यावरूनच तपास पुढे सरकला. रोख दिलेल्या तेरा जणांकडे खोट्या पावतीशिवाय काही नव्हतं. तो माणूस अजून सापडलेला नाही, फोन बंद आहे.

चूक आमची आहे, ते मी मान्य करते. पण तीन दिवस सार्वजनिक रस्ता खोदलेला होता. रस्ता फोडायला परवानगी लागते, घर बांधताना आम्ही वाळूचा ढीग रस्त्यावर टाकला तेव्हा दुसऱ्या दिवशी नोटीस आली होती. मग या खड्ड्यांना कोणीच कसं विचारलं नाही? हा प्रश्न मी लेखी विचारलाय, उत्तर आलेलं नाही.

आणि तो सोमवार. मी परत गेले असते तर मला जिन्याखालचा बोर्ड दिसला असता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली नव्या नळजोडणीला १५ दिवसांची मुदत आहे. अर्जाची पोच घ्यायची, मुदत संपली तर तिथल्याच वरिष्ठांकडे अपील करायचं. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आम्ही हेलपाट्यांना घाबरलो आणि ११,३०० रुपये प्रत्येकी देऊन बसलो. नवीन अर्ज केल्यावर मला जोडणी मिळाली ती बाराव्या दिवशी.

नणंदेला मी एवढंच सांगितलं: पैसे देऊ नकोस, त्याला म्हण की आधी मागणीपत्र आण, मी खिडकीवर भरते. आणि तुझ्या गल्लीत कोणाचा नळ असा मधल्या माणसाकडून झाला असेल, तर पाणी येतंय म्हणून बसू नका, आजच नोंदवहीत नाव बघून या. तिने तसं म्हटल्यावर तो "उद्या आणतो" म्हणून गेला, तो आलेला नाही. तिच्या कॉलनीतल्या सहा घरांनी मात्र आधीच पैसे दिले होते.

आमच्या चौदा घरांपैकी अकरा घरांनी दंड भरून नवे नळ घेतले. आजींच्याकडे पैसे नाहीत. मी भरते म्हटलं, कारण त्यांच्याकडून पैसे मीच नेले होते, पण त्या ऐकत नाहीत. पाणी आलं की माझ्या नळाची नळी मी त्यांच्या ड्रमपर्यंत नेते.