अकरा महिने, नऊ हजार मैल आणि डाव्या दाराची फट

आधीच सांगते, गाडीचं नाव लिहिणार नाही. मी स्वतः याच धंद्यात आहे, आणि नाव दिलं की फट बाजूला राहते, ‘ती कंपनी असलीच’ आणि ‘आमची बघा कशी’ सुरू होतं. दोन सीटची, दोन दारांची कूपे. दारं आणि बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं, सांगाडा पोलादाचा, दाराच्या काचेला वर चौकट नाही. गेल्या ऑक्टोबरात शोरूममधून काढली. आता सप्टेंबर चालू आहे आणि मीटरवर ९,१०० मैल, म्हणजे साडेचौदा हजार किलोमीटर. राहतो मिशिगनमध्ये, नोव्हायला.

चालवण्याबद्दल दोनच ओळी. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. एकदाही रस्त्यात दगा दिला नाही. सीटवर दोन तासांनी कंबर धरते, पण ते घ्यायच्या आधीच ठाऊक होतं. माझी तक्रार आहे ती पत्र्याची, म्हणजे दार आणि मागचा पत्रा यांच्यातल्या फटीची.

गाडी ताब्यात घेतली त्या शनिवारी सकाळी शोरूममधूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात तेव्हा रात्रीचे आठ. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं, तीसेक वर्षं. मी रंग दाखवतेय, चाकं दाखवतेय, तर म्हणाले, “जरा मागं सर. दारावर ट्यूबची रेघ पडलीय न्हवं, ती बघ.” छताला लांबच लांब ट्यूबलाइट होत्या. पुढच्या मडगार्डावरून पांढरी रेघ सरळ येत होती, दारावरही सरळ, आणि दार संपून मागचा पत्रा सुरू होतो तिथे तुटत होती. “अर्धं सूत भायेर हाय,” बाबा म्हणाले. “दार लोंबलंय, पोरी. बिजागरीत बघ.”

कारखान्यात याच कामासाठी दिव्यांचा बोगदा असतो. लाइनीच्या शेवटी गाडी त्यातून जाते आणि माणूस पत्र्यावर पडलेल्या रेघा वाचतो. माझी गाडीही त्यातून गेली असणार, कुणीतरी बघितलीही असणार.

गेज जवळ नव्हता, म्हणून पर्समधली कार्डं काढली. बँकेचं कार्ड जगभर एकाच जाडीचं, ०.७६ मिमी, आणि रंगाला सहसा ओरखडा पाडत नाही. फक्त उठावदार आकड्यांचं घ्यायचं नाही. डाव्या दाराच्या मागच्या फटीत वरच्या टोकाला चार कार्डं गेली, पाचवं अडलं. खालच्या टोकाला सात. कमी पडली म्हणून नवऱ्याच्या पाकिटातली मागून घेतली, आणि सेल्समन आमच्याकडे असा बघत होता की आम्ही आता पत्ते पिसणार आहोत. सोमवारी कामावरून टेपर गेज, म्हणजे फटीत सरकवून रुंदी वाचायची निमुळती पट्टी, आणून मोजलं: वर ३.२ मिमी, खाली ५.४. दाराची मागची कड मागच्या पत्र्यापेक्षा १.५ मिमी बाहेर, म्हणजे बाबांचं अर्धं सूत. उजवं दार वर ३.९, खाली ४.१. त्यांना जमत नाही असं नाही.

तरी त्या शनिवारी सही केली. आठ महिने वाट बघितलेली गाडी समोर उभी असताना मागे फिरायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं. तुम्ही करू नका. निदान ताबा-पावतीवर तक्रार लिहून तिची प्रत घ्या. मी ती घेतली, आणि पुढे सगळं त्या एका कागदावर चाललं.

दोन मिलिमीटरने काय बिघडतं, असं बरेच जण विचारतात. बिनचौकटीच्या दारात काच रबराला दाबून बसते ती दाराच्याच आधारावर. दार मागून लोंबलं आणि बाहेर आलं की काचेचा वरचा मागचा कोपरा रबरावर नीट टेकत नाही. ताशी ६५ मैलांच्या पुढे डाव्या कानाशी शीळ वाजायची, बारीक, कुकरची पहिली शिट्टी यायच्या आधी वाफ सुसते तशी. गाडी धुतली की सीटबेल्टच्या पट्ट्यावर दोन थेंब.

पहिल्या खेपेला सर्व्हिसवाला म्हणाला, गाडी स्पेसिफिकेशनमध्ये आहे. किती, विचारलं, तर आकडा त्याच्याकडे नव्हता. वर्कशॉप मॅन्युअलच्या बॉडी विभागात तो छापलेला असतो. काढायला लावला: फट ४.० मिमी, कमी-जास्त ०.७, वर-खालचा फरक १.० च्या आत. माझा फरक २.२. पुढचा अर्धा तास त्याने माझ्याशी फार अदबीने बोलण्यात घालवला आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी स्ट्रायकर हलवला. स्ट्रायकर म्हणजे मागच्या खांबावरची ती कडी, जिच्यात दाराचं लॉक अडकतं. ती आत सरकवली की दार आत खेचलं जातं, कड लेव्हलला येते, शीळही कमी होते. पण फट होती तशीच राहिली आणि दार आपटल्याशिवाय लागेना. लोंबलेल्या दाराला कडीने उचलून धरायचं म्हणजे रोज थोडं थोडं लॉकच झिजवायचं. याला आमच्याकडे दुरुस्ती म्हणत नाहीत, गिऱ्हाईक वाटेला लावणं म्हणतात.

तिसऱ्या खेपेला, डिसेंबरात, निवृत्तीला टेकलेला एक मिस्त्री भेटला. बघत उभी राहू का विचारलं, तर त्याने खुर्ची दिली. त्याने आधी स्ट्रायकर काढूनच टाकला. दार नुसतं टेकवलं आणि ते आपणहून कुठे बसतंय ते पाहिलं. मग दाराच्या मागच्या टोकाखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर घडी केलेली चादर. बिजागरीचे बोल्ट पाव फेरा सैल, जॅक अगदी किंचित वर, बोल्ट आवळले, जॅक काढला, मोजलं. परत. चौथ्यांदा त्याने मोजलंच नाही, अंगठ्याचं नख फटीवरून आडवं फिरवलं आणि मान हलवली. मग स्ट्रायकर परत लावला, बोल्टाच्या डोक्यांवरचा रंग उडाला होता तिथे ब्रशने टच-अप केलं. चाळीस मिनिटं. वर ३.८, खाली ४.५, कड ०.४ बाहेर. शीळ गेली. थेंब गेले. नवा पत्रा नाही, रंगकाम नाही. पहिल्या खेपेला सर्व्हिसवाल्याने ‘लागलं तर दार बदलून रंगवून देऊ’ असंही म्हटलं होतं. कारखान्यातला रंग गाडीचा नुसता सांगाडा असताना भट्टीत भाजलेला असतो. वरच्या कोटाच्या आधीचा बुडवणीचा थर तर १७०-१८० अंशांच्या आसपास शिजतो. शोरूमच्या पेंट बूथमध्ये, आत वायरिंग, काच, रबर असलेल्या गाडीला तसं भाजता येत नाही. बिजागरी सैल करून भागतंय तोवर रंगाच्या वाटेला जाऊ नका.

आता कारखान्याची बाजू, कारण मी तिकडेही उभी राहिलेली आहे. २००९ पासून पाच वर्षं चाकणला एका कारखान्यात बॉडी शॉपच्या, म्हणजे गाडीचा सांगाडा जोडतात त्या विभागाच्या, क्वालिटीत होते. दार बॉडी शॉपमध्ये बसतं तेव्हा ते रिकामं असतं. मग ते बॉडीबरोबर रंगून निघतं, आतलं सामान बसवायच्या ट्रिम लाइनीवर बहुतेक ठिकाणी परत काढलं जातं, वेगळ्या लाइनीवर त्यात काच, मोटर, स्पीकर, वायरिंग भरतात आणि शेवटी पुन्हा टांगतात. भरलेलं दार वजनाने खाली येणार, हे धरून बॉडी शॉपवाले ते मुद्दाम मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर बसवतात. हा अंदाज चुकला, किंवा बिजागरीची एक बॅच जरा नरम आली, की सगळ्या तपासण्या पास झालेलं दार शेवटी लोंबतं. प्रत्येक ठिकाणी शिक्का ओके, आणि गाडी नॉट ओके.

दुसरी गोष्ट बेरजेची. पाच भाग, प्रत्येकाला अर्धा मिलिमीटर सूट. पाचही एकाच दिशेला गेले तर अडीच. तसं क्वचितच होतं, एकमेकांना खातात, म्हणून हिशोब वर्गांच्या बेरजेच्या मुळाने मांडतात आणि साधारण १.१ धरतात. जास्त खपाच्या गाडीत हा भरवसा पुरतो, कारण रोज शेकडो बॉड्या निघतात आणि जिगची, म्हणजे जोडताना पत्रे धरणाऱ्या साच्याची, एक पिन झिजली की दुपारपर्यंत आलेख वाकडा दिसतो. स्पोर्ट्‌स कारची लाइन हळू चालते. तोच कल दिसायला तिथे आठवडे जातात, आणि तोवर गाड्या निघालेल्या असतात. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा कडकपणा पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतका, म्हणून प्रेसच्या दाबातून निघाल्यावर पत्रा जास्त उसळतो. आणि मागची फुगीर कंबर, जी बघून आपण गाडी घेतो, तीच दाबायला सगळ्यात अवघड.

हे ओळखून कामाला लागलेले लोक इथलेच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगन विद्यापीठातली मंडळी आणि मोटार कंपन्या मिळून बॉडीतला एकूण फरक दोन मिलिमीटरच्या आत आणायच्या मागे लागल्या. डेट्रॉइटच्या जेफरसन नॉर्थ मोटार कारखान्यात त्याचं काम झालं. निघालं काय, तर बऱ्याच वेळा दोष पत्र्याचा नसून तो धरणाऱ्या क्लॅम्पचा, पिनचा. चाकणला आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलेलं. आणि तरीही एका महिनाअखेरीला, यार्डात अडकलेल्या चाळीस गाड्यांच्या डिकीच्या फटीवर, मर्यादेबाहेर ०.४ असताना, डेव्हिएशनच्या, म्हणजे ‘एवढं चालवून घ्या’च्या, कागदावर मी सही केली आहे. पाणी गळत नव्हतं, सुरक्षेचा प्रश्न नव्हता, डिस्पॅचचा फोन तिसऱ्यांदा वाजत होता. त्यातली एखादी गाडी घेऊन कुणाचे तरी बाबा ट्यूबलाइटखाली उभे राहिले असतील.

गेल्या महिन्यात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा, झाली. तिथे एक लाल पोंटिअ‍ॅक फिएरो उभी होती. १९८४ ते ८८ ची ही गाडी आमच्यापासून अर्ध्या तासावर, पोंटिअ‍ॅक गावात बनायची. हिला सगळे हसतात, पण पत्रे बसवायची तिची पद्धत मला फार आवडते. पोलादी सांगाडा तयार झाला की तो एका मोठ्या यंत्रात धरायचे आणि पॅनेल लागायच्या ३९ जागा एकाच वेळी घासून, भोकं पाडून घ्यायचे. सांगाडा वेल्डिंगमध्ये कितीही वाकडा झाला असो, भोकं एकमेकांच्या हिशोबात बरोबर. मालकाला विचारून दाराच्या फटीवर नख फिरवलं. एकसारखी. त्याने कधी दारं जुळवली होती का, हे विचारायचं राहिलं. त्याची बायको मला नवऱ्यापासून लांब नेण्याच्या बेतात होती.

हवेचं एक लक्षात ठेवा. आमच्याकडे जानेवारीत उणे १४, जुलैत ३१. या ४५ अंशांत माझं सव्वा मीटरचं अ‍ॅल्युमिनियमचं दार सव्वा मिलिमीटरच्या वर लांबतं, पोलादी चौकट त्याच्या निम्मी. म्हणजे थंडीत फट अर्ध्या मिलिमीटरने मोठीच दिसणार. उन्हात तापलेली किंवा बर्फातून आत आणलेली गाडी मोजून भांडायला जाऊ नका. रात्रभर गॅरेजमध्ये उभी करून सकाळी मोजा. प्लॅस्टिक तर याच्या कितीतरी पट हलतं. म्हणूनच जुन्या सॅटर्न गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या पॅनेलांना रुंद फटी ठेवलेल्या असत.

माझ्या गाडीत ती रुंदी डिझाइनवाल्यांना दिसायला आवडली नसावी. मागच्या बंपरचा डावा कोपरा हिवाळाभर ठीक होता. जुलैत तो फुलून पत्र्याला टेकला आणि रंगावर केसाएवढी रेघ उमटली. बॉनेटचा उजवा कोपराही मिलिमीटरभर खाली होता, पण तो रबरी टेकू दोन फेरे फिरवून मीच वर आणला.

माझ्या वॉरंटीत पत्रे जुळवायची कामं फक्त पहिले १२ महिने किंवा १२,००० मैल, पत्रा गंजला तर मात्र पुष्कळ वर्षं. हे बारीक अक्षरात चौथ्या पानावर होतं. तुमच्या गाडीचं कुठल्या पानावर आहे ते आजच बघा. माझा एक महिना उरलाय. बंपरसाठी गुरुवारी सकाळी साडेआठची वेळ मिळाली आहे, त्याच म्हाताऱ्या मिस्त्रीकडे. रेघेचे फोटो तापमानासकट काढून ठेवलेत, आणि नवऱ्याची तीन कार्डं अजून माझ्याच गाडीत आहेत.