सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेलं स्टीलचं बिट – पावसाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार बघायला सगळेच जातात, किमती ऐकून डोळे मोठे करतात, पांढऱ्याशुभ्र नुकरा घोड्यासोबत फोटो काढतात अन् निघतात. खोगीर-लगामाच्या दुकानांची लाईन लागते तिकडे मात्र कोणी नीट फिरत नाही. माल बराचसा कानपूरचा असतो, चांगला पण असतो अन् भंगार पण. तिथूनच आमच्या काठेवाडी घोडीसाठी बिट, म्हणजे लगामाचा तोंडात राहणारा धातूचा भाग, घेतलं, म्हटलं नीट वापरू अन् मगच लिहू.

वस्तू म्हणजे स्टेनलेस स्टीलचं एगबट स्नॅफल (स्नॅफल म्हणजे लगाम थेट कड्यांना लागतो ते साधं बिट, एगबट म्हणजे कडीचा सांधा अंड्यासारखा गोलसर), पाच इंची, दोन जोडाचं, मधे छोटा गुळगुळीत दाणा. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "तोंडाचं माप आणलंय का?" तिथेच माणूस आवडला, कारण बाकी दुकानांत एकच विचारतात, घोडी जोर करते का, अन् हो म्हटलं की काटेरी लगाम पुढे करतात. भाऊ, काटे किंवा गाठी असलेला लगाम वापरायला १९६५ च्या केंद्राच्या नियमांनीच बंदी आहे, तरी उघड्यावर टांगलेला असतो.

माप काढणं सोपं आहे. सुतळी तोंडात बिटच्या जागी धरायची, दोन्ही ओठांच्या कडेला खूण करायची, अन् दोन्हीकडे साधारण पाव इंच जागा सुटेल अशी साईज घ्यायची. लहान घेतलं तर ओठ चिमटतो, मोठं घेतलं तर तोंडात इकडून तिकडे सरकतं अन् जोड मधोमध राहत नाही.

आधी घोडीला एका जोडाचं होतं. दोन्ही हातांनी ओढलं की ते दुमडतं, जीभ दाबली जाते, काही घोड्यांना टाळूला पण टोचतं. लगाम ओढला की घोडी मुंडकं वर फेकायची, लोक म्हणायचे माजली आहे, कडक लगाम घाला. आमच्या गल्लीतले आबा, जन्म घोड्यांत गेलेला, तोंड उघडून बघितलं अन् म्हणाले, "भो, तिनं तोंड दुखस." जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं तर दाढेला धारदार टोकं आलेली, ती त्यांनी घासून दिली. म्हणून सगळं क्रेडिट बिटला देत नाही, पण दाढा बऱ्या झाल्यावर जुनं घालून बघितलं तर परत थोडी कुरकुर होतीच, नव्यात शांत चघळत चालते.

त्याच दुकानात एक खूप जाड, पोकळ बिट पण होतं, दुकानातल्या पोराने "जाड म्हणजे नरम" म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला. हे अर्धंच खरं आहे. लहान तोंडात मांसल जीभ असली की जाड दांडीला जागाच नसते, घोडं तोंड उघडंच ठेवतं. मी मध्यम जाडीचं घेतलं.

वरातीत घोडी नाचवणारे म्हणतील स्नॅफलने कंट्रोल येत नाही. त्यांचं कर्ब बिट, म्हणजे बाजूला लांब दांड्या अन् हनुवटीखाली साखळी असलेलं, वेगळं काम करतं, दांडी जेवढी लांब तेवढा हाताचा जोर तोंडात वाढून पोचतो. मुरलेल्या हातात ठीक आहे हो, पण वरातीत लगाम धरायला नवरदेवाचा मामा असतो, अन् तो तोल सांभाळायला त्यालाच लटकतो.

क्वालिटी म्हणाल तर गंज नाही, जोडाजवळ नख फिरवलं तरी कुठे अडकत नाही (घेताना हे बघाच), कड्या अजून ढिल्या नाहीत. रोज काढल्यावर पाण्यात बुचकळून पुसतो, नाहीतर वाळलेला चारा चिकटून दुसऱ्या दिवशी खरखरीत लागतं. आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पत्र्याच्या शेडमधे टांगलेलं बिट हात लावता येत नाही इतकं तापतं अन् लोक तसंच तोंडात कोंबतात, मग घोडी लगाम घेत नाही म्हणून ओरडतात. पाण्यात गार करा, डिसेंबरच्या पहाटे उलटं, तळहातात दाबून जरा कोमट करा.

आता शिव्या. सोबत सेटमधे मिळालेला डोक्याचा पट्टा एकदम फालतू. पहिल्या पावसात रंग सुटला, घोडीचा गाल तांबडा झाला, बकलचं पॉलिश पापुद्र्यासारखं निघालं. शेवटी गावातल्या चर्मकाराकडून नवीन शिवून घेतला, तो जास्त टिकाऊ अन् जास्त स्वस्त पडला. त्यामुळे सेट घेऊ नका, नुसतं बिट मागा, आधी नाही म्हणतात मग देतात.

बिटला पाचपैकी साडेचार, पट्ट्याला शून्य. साईज चुकली तर बदलून देतो असं दुकानदार म्हणाला होता, पण यात्रा उठेपर्यंतच, त्यामुळे पहिल्या दिवसांतच घ्या अन् लगेच घालून बघा.